वानरं हाकलून गोचीड जाणार नाहीत (नागपूर : गोचीड, ताप आणि आपली जनावरं)

मोहफूल
आमची वसाहत गोरेवाड्याच्या जंगलाला लागून आहे. उन्हाळ्यापासून वानरांचा एक कळप गच्च्यांवर येतो. आठवड्यापूर्वी वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागला : "वानरांच्या अंगावरच्या गोचिडांमुळे माकडताप पसरतो, प्लेटलेट कमी होतात, अंगावर काळा डाग पडतो, कुत्र्यांनाही होतो. वानरं आणि भटकी कुत्री ताबडतोब हटवा." त्यावर लगेच सह्यांची मोहीम, फटाके आणायचं ठरलं, वर्गणीही सुरू झाली.

या एका मजकुरात तीन वेगळे आजार कालवले आहेत. ते सुटे केल्याशिवाय काय करायचं हे ठरवताच येणार नाही, म्हणून हा धागा. इथे पशुवैद्य, डॉक्टर, शेतकरी सगळेच आहेत, भर घाला.

पहिला, माकडताप. त्याचं अधिकृत नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने आजारी पडली. आधी सगळ्यांना पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने (म्हणजे आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) विषाणू वेगळा केला आणि तो गोचिडांतून येतो हे दाखवलं. मुख्य वाहक आहे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही जंगलातली गोचीड. आपल्या राज्यात हा ताप सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून ठळकपणे दिसला. तो सह्याद्रीच्या ओल्या जंगलांचा पट्टा, हंगाम साधारण डिसेंबर ते मे. आपण गोरेवाड्याच्या सागाच्या, कोरड्या पानगळीच्या जंगलाशेजारी, तेही ऑगस्टमध्ये.

यात वानराची बाजू नीट समजून घ्या. वानर आणि लाल तोंडाची माकडं या विषाणूने स्वतः मरतात. त्यांच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो, अंगावरच्या गोचिडांना लागण होते आणि माकड मेलं की त्या गोचिडी तिथेच खाली उतरतात. म्हणून मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं. दोडामार्गच्या बाजूला मेलेलं माकड दिसणं हाच आरोग्य खात्यासाठी पहिला इशारा असतो. गच्चीवर उड्या मारणाऱ्या धडधाकट कळपावर फटाके फोडून यातलं काहीच साधत नाही.

दुसरा, "काळा डाग" ज्यात पडतो तो स्क्रब टायफस. तिसरा, कुत्र्यांचा टिक फीव्हर. या दोन्हींवर जाणकारांनी लिहावं.

धरमपेठी
अगदी वेळेवर धागा काढलात. आमच्या लॅब्रेडॉरला मागच्या महिन्यात टिक फीव्हर झाला. दोन दिवस जेवला नाही, मग नाकातून रक्त आलं, प्लेटलेट खूप खाली. आता बरा आहे. पण घरात तीन वर्षांची नात आहे, ती दिवसभर त्याच्या अंगावर लोळते. तिला काही होईल का? सून म्हणते कुत्रा गावी पाठवा.

पशुवैद्य विदर्भ
धरमपेठी काका, कुत्रा कुठेही पाठवू नका. तुम्ही सांगता ती लक्षणं एर्लिकिया कॅनिसची वाटतात. हा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत राहतो आणि कुत्र्याकडून नातीला थेट लागत नाही. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. आठ दिवसांत कुत्रा शेपूट हलवायला लागला की लोक गोळ्या बंद करतात आणि आजार आत दबा धरून बसतो. कोर्स पूर्ण करा, नंतर रक्त पुन्हा तपासा. बबेसिया (गोचिडीतूनच येणारा, तांबड्या पेशींत राहणारा परजीवी) असेल तर औषध वेगळं, म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाजाने औषध देऊ नये.

मात्र नातीच्या बाबतीत पूर्ण निर्धास्तही राहू नका. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, अधूनमधून माणसालाही चावते, आणि तिच्यातून इंडियन टिक टायफस नावाचा वेगळा ताप येऊ शकतो. धोका गोचिडीचा आहे, कुत्र्याला गोंजारण्याचा नाही. म्हणून गोचीड घरातून घालवा.

आणि ती घरात कुठे असते ते पाहा. कुत्र्याच्या कानात दिसते ती थोडी. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू कुत्र्यावर रक्त पितं, खाली उतरतं, कात टाकून आठ पायांचं होतं, पुन्हा कुत्र्यावर चढतं, पुन्हा उतरतं, मग मोठी गोचीड म्हणून तिसऱ्यांदा चढतं. मधला सगळा काळ ती तुमच्या भिंतीत असते. ही जात वर चढणारी आहे. कॅलेंडरमागे, स्विचबोर्डच्या कडेला, दाराच्या चौकटीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात बॅटरी मारून बघा. टम्म फुगलेली राखाडी मादी अशाच फटीत हजारो अंडी घालते आणि मरते. उपाशीपोटी कित्येक महिने काढायची यांची तयारी असते. त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, फटी बुजवा, फरशीच्या कडा आणि कुत्र्याची जागा आठवड्याला घासा. कुत्र्यासाठी महिना ते तीन महिने टिकणाऱ्या चघळायच्या गोळ्या मिळतात, वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. गुरांचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालू नका, विषबाधा झालेली कुत्री आमच्याकडे येतात. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला चुकूनही लावू नका, ते जिवावर बेततं.

संत्राबाग काटोल
राम राम मंडळी. कुत्र्याचं झालं, आता आमच्या गोठ्याचं बोला. माह्याकडे संकरित गाई आहेत. पावसाळा लागला का कासेवर, शेपटीखाली, कानात नुसत्या गोचिड्या. मागच्या साली एक जर्सी गोचीड तापानं गेली. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली होती, ताप उतरेच ना, डॉक्टर यायला उशीर झाला. शेजारी गवळाऊ बैलजोडी आहे, त्यायच्या अंगावर गोचीड असते पण आजारी पडत नाही. हे काऊन होते? आणि फवारणीचं औषध आता काम करत नाही. दुसरं, रोही (नीलगाय) आणि डुक्कर रोज रात्री बागेत येतात. गोचीड तेच आणतात असं गावात सगळे म्हणतात.

पशुवैद्य विदर्भ
भाऊ, गाय गेल्याचं वाईट वाटलं. गाठ सुजणं आणि चढा ताप ही थायलेरिया या परजीवीच्या आजाराची खूण आहे. तो हायलोमा जातीच्या गोचिडीतून येतो. यावर बुपार्वाक्वोन हे औषध चांगलं चालतं, पण लवकर दिलं तर. गाठ हाताला लागली त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायचं. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर तो बबेसिया, त्याचं औषध वेगळं. जर्सी आणि एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) या परदेशी जातींचं रक्त जितकं जास्त, तितकं जनावर या रोगांना लवकर बळी पडतं. आपल्या वर्धा-नागपूरकडची गवळाऊ पिढ्यानपिढ्या या गोचिडांसोबत वाढलेली आहे. तिच्या कातडीवर गोचीड कमी टिकते आणि रोग झाला तरी सहसा सौम्य जातो. संकरित वासरांसाठी थायलेरियाची लस आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

औषध काम करत नाही हे तुमचं निरीक्षण खरं आहे. डेल्टामेथ्रिनसारख्या औषधांना गुरांवरची गोचीड देशात अनेक ठिकाणी दाद देईनाशी झाली आहे. कारण आपण पातळ औषध वारंवार मारतो, कमकुवत गोचीड मरते आणि दणकट तेवढी उरते. डॉक्टरांना विचारून औषधाचा गट बदला आणि मात्रा पूर्ण द्या.

रोही-डुकरांबद्दल. त्यांच्या अंगावर गोचीड असते, नाही असं नाही. पण गुरांवर सर्वांत जास्त आढळणारी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढते, साधारण तीन आठवडे. तिचा मुख्य यजमान तुमची गाय हाच आहे. नवीन गोचीड गोठ्यात बहुतेकदा बाजारातून आणलेल्या जनावराबरोबर येते. नवं जनावर आणलं की वेगळं बांधा, औषध मारा, तीन आठवड्यांनी पुन्हा पाहा, मगच कळपात सोडा. दगडी भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, कारण हायलोमा तिथेच कात टाकते. आणि गावरान कोंबड्या असतील तर दिवसा गोठ्यात मोकळ्या सोडा, त्या खाली पडलेल्या गोचिड्या वेचून खातात. फक्त फवारणीच्या दिवशी त्यांना लांब ठेवा.

अजून एक. गोचीड उपटून दोन नखांमध्ये फोडायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती सोडा. हायलोमातूनच क्रायमियन-काँगो ताप येतो. भारतात तो प्रथम २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये, अहमदाबाद जिल्ह्यात सापडला, आणि २०२० मध्ये आपल्या पालघरला प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला होता. जनावर वरून अगदी निरोगी दिसतं, माणसाला मात्र रक्तस्राव होतो. फुटलेल्या गोचिडीचं रक्त बोटाच्या चिरेतून आत जायला वेळ लागत नाही. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा गोचीड मारायच्या औषधाच्या डब्यात टाका.

मेडिसिन ओपीडी
मी इथे शहरात फिजिशियन आहे. काळ्या डागाबद्दल लिहितो, कारण ऑगस्ट ते ऑक्टोबर हाच त्याचा हंगाम.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचा उद्रेक झाला होता, मृत्यूही झाले, अनेकांना आठवत असेल. हा आजार गोचिडीतून येत नाही. गवता-झुडपांत राहणाऱ्या एका सूक्ष्म किडीच्या, चिगर माइटच्या, पिल्लातून येतो. हे पिल्लू तांबूस, डोळ्याला जेमतेम दिसणारं. त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे उंदीर, घुशी, चिचुंद्र्या. या किडीच्या मादीकडून जंतू अंड्यांतूनच पुढच्या पिढीत जातो. वानराचा इथे काही संबंध नाही. उकिरडा, वाढलेलं गवत, गाजरगवत, बांधकामाच्या पडीक जागा आणि तिथले उंदीर, हे त्याचं घर.

चावल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप, प्रचंड डोकेदुखी, अंगदुखी. प्लेटलेट कमी, यकृताचे आकडे वाढलेले. डेंग्यूचेही हेच दिवस, हेच रिपोर्ट. डेंग्यू निगेटिव्ह आला की "व्हायरल असेल" म्हणून चार दिवस जातात, आणि तेच चार दिवस महागात पडतात. फुफ्फुसं, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम सुरू झाला की रुग्ण आयसीयूत जातो.

म्हणून चावल्या जागची खपली, म्हणजे तोच काळा डाग, शोधावी लागते. एक सेंटिमीटरच्या आसपास, मध्ये काळी, कडेला लालसर. ती दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागे, साडीच्या निऱ्या खोवतो तिथे, परकराच्या नाडीच्या ओळीत, पायजम्याच्या इलॅस्टिकखाली. निंदणाला जाणाऱ्या बायकांत ती बहुतेकदा कपड्याच्या घट्ट कडेला सापडते. संकोचापोटी बाई दाखवत नाही, गर्दीत डॉक्टरही पाहत नाही. घरच्या बाईने आंघोळीच्या वेळी नीट पाहावं आणि दिसलं तर डॉक्टरांना सांगावं. प्रत्येकात खपली असतेच असं नाही, म्हणून नसली तरी "शेतात, गवतात काम होतं" हे आपणहून सांगा. ते वाक्य मला दहा रिपोर्टांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पशुवैद्यांनी उल्लेख केलेला इंडियन टिक टायफस मात्र खराखुरा गोचिडीचा. त्यात अंगावर पुरळ येतं आणि ते तळहात-तळपायांवरही दिसतं, ही लक्षात ठेवायची खूण. लहान मुलांत ताप, पुरळ आणि घरात कुत्रा असेल तर हा विचार व्हायलाच हवा. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या भागातल्या या तापांवर बरंच लिहिलेलं आहे.

दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन. स्वस्त, जुनं औषध. वेळेवर दिलं तर बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरतो. पण कृपा करून मेडिकलमधून स्वतः आणून घेऊ नका.

धरमपेठी
डॉक्टरसाहेब, पशुवैद्य, दोघांचे आभार. आज बॅटरी घेऊन पाहिलं. देव्हाऱ्याच्या मागच्या फटीत सापडल्या. कुत्रा घरीच राहणार. सुनेला हा धागा वाचायला दिला.

न्यूजर्सीत नागपूरकर
इकडचं सांगते. अमेरिकेत गोचिडीतून येणाऱ्या लाइम डिसीजची धास्ती एवढी की मुलं बागेतून आली की आधी गुडघ्यामागे, केसांत पाहायचं. १९७५ च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाइम गावात मुलांना सांधेदुखी व्हायला लागली, त्यावरून हे नाव. चावणारं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, म्हणून ते सुटतं. इथेही लोकांनी आधी हरणांना दोष दिला, कारण मोठ्या गोचिडी हरणांवर असतात. पण हरणाकडून तो जंतू गोचिडीत जात नाही. तो मिळतो पांढऱ्या पायांच्या उंदराकडून. हरीण गोचिडींची संख्या वाढवतं, जंतू उंदीर देतो. मोहफूल, तुमच्याकडच्या माकडतापातही असंच काही आहे का?

मोहफूल
हो ताई, अगदी तसंच, आणि मला धाग्यातून हेच सांगायचं होतं. स्पिनिजेराची पिल्लं उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर चरणारे पक्षी यांच्यावर असतात. मोठी गोचीड मात्र गुरांवर पोसली जाते. गाई-म्हशींच्या रक्तात तो विषाणू फारसा वाढत नाही, पण जंगलात चरायला सोडलेल्या गुरांमुळे गोचिडींची फौज वाढते आणि तीच गुरं ती फौज गावाच्या वेशीपर्यंत आणतात. म्हणजे गोचीड वाढवणारा प्राणी एक, जंतू पुरवणारा दुसरा, आणि मरणारा तिसराच. आपण रागावतो तो जो डोळ्यांना दिसतो त्याच्यावर.

हिंगणा रोड
सगळं वाचलं. अभ्यास चांगला आहे. पण राजेहो, ज्याच्या घरात वानर घुसून पोरीच्या हातातला डबा ओढतो त्याला हे सांगून पाहा. आमची पपईची झाडं, गच्चीवरची टाकी, केबल, सगळ्याची वाट लागली. रोही हरभरा खातात, भरपाईसाठी चकरा मारा. वन्यप्राण्यांची बाजू घेणारे शहरात राहतात, नुकसान आमचं होतं.

मोहफूल
नुकसान खरं आहे, आणि त्याचा बंदोबस्त मागणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी अर्ज लिहायला मी बरोबर येईन. माझं म्हणणं एवढंच, तो अर्ज नुकसानीच्या नावाने करा, रोगाच्या नावाने नको. रोगाच्या नावाने वानरं हाकलली आणि उकिरडा तसाच राहिला तर ऑक्टोबरमध्ये कोणीतरी स्क्रब टायफसने आजारी पडेल, आणि आपण वानरं गेली म्हणून निश्चिंत असू.

शिवाय रोगांची वाट दोन्हीकडून चालू असते. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात वीसहून अधिक सिंह मेले. कुत्र्यांचा डिस्टेंपर विषाणू आणि गोचिडीतून येणारा बबेसिया, दोन्ही तिथे सापडले. त्याआधी १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत दुष्काळाने खंगलेल्या, गोचिडींनी भरलेल्या रानम्हशी सिंहांनी खाल्ल्या, बबेसिया वाढला, त्यात डिस्टेंपरची साथ आली आणि सिंहांचा मोठा भाग गेला. आपल्या पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबाच्या कडेच्या गावांत कुत्री आणि गुरं रोज जंगलात ये-जा करतात. गावच्या कुत्र्याला लस आणि गोचिडीचं औषध मिळालं तर त्यात गावाचंही भलं आहे आणि वाघाचंही. मला याची मनापासून काळजी वाटते.

धामण मित्र
मी साप पकडून सोडतो. पावसाळ्यात धामण, अजगर यांच्या खवल्यांच्या कडेखाली चपट्या, नक्षीदार गोचिडी हमखास दिसतात, घोरपडीच्या तर काखेत रांगेने बसलेल्या असतात. लोक विचारतात, सापाची गोचीड चावली तर विष चढेल का? नाही. ही वेगळी जात आहे, सरपटणाऱ्या प्राण्यांवर जगते. आपल्या अंगावर आलीच तर चिमट्याने काढायची.

पेंचवाट
मी पेंचमध्ये गाइड आहे. आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता आणि त्याआधी मोहफुलं वेचायला अख्खं गाव जंगलात असतं. तेव्हा गोचिडीची पिल्लं पायाला लागतात, एका पाल्याला हात लागला की शेकडो अंगावर. दोन दिवस खाज थांबत नाही. चितळ बसून उठले त्या जागी सर्वांत जास्त.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून पडत नाही. गवताच्या शेंड्यावर पुढचे दोन पाय पसरून बसते. त्या पायांवर श्वासाचा वास आणि अंगाची ऊब ओळखायचं इंद्रिय असतं. आपण घासून गेलो की पकडते, मग वर चढते. म्हणून आमचे लोक पँट मोज्यात खोचतात, फिकट रंगाचे कपडे घालतात, पायाला डीएमपी तेल (गोचीड दूर ठेवणारं) लावतात. घरी आल्यावर कपडे उन्हात आणि आंघोळ आधी, जेवण नंतर. कोतवाल, गायबगळे आणि सांबरावर बसणारे कावळे गोचीड टिपताना रोज दिसतात, पर्यटकांना मी आवर्जून दाखवतो.

चिकटलेली काढायची तर बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून, तोंडाजवळ धरून, सरळ आणि सावकाश ओढायची. पिरगाळायची नाही. रॉकेल, तेल, तंबाखूचं पाणी, उदबत्तीचा चटका यातलं काही नको, गोचीड चवताळून जास्त लाळ आत सोडते. काढल्यावर साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पंधरा-वीस दिवसांत ताप आला तर ती तारीख डॉक्टरांना सांगा.

पशुवैद्य विदर्भ
पेंचवाट यांनी अचूक लिहिलं. काढलेली गोचीड ओळखून घ्यायची असेल तर छोट्या बाटलीत सॅनिटायझर किंवा स्पिरिट भरून त्यात टाका. बाटलीवर जागा, तारीख आणि कोणाच्या अंगावर सापडली ते लिहा. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात परोपजीवीशास्त्र विभाग आहे, तिथे जात कळू शकते.

संत्राबाग काटोल
डॉक्टर, माह्या गोठ्यातल्या बाटलीत भरून ठेवतो. मंगळवारी नागपूरला संत्र्याची गाडी येते, तिच्यासोबत पाठवतो. औषधाचा गट कोणता बदलायचा ते जात कळल्यावर सांगाल न?

पशुवैद्य विदर्भ
नक्की. आधी कोणतं औषध, किती पाण्यात आणि किती दिवसांनी मारत होते तेही चिठ्ठीवर लिहून पाठवा.

मोहफूल
वसाहतीच्या रविवारच्या बैठकीत फटाक्यांची वर्गणी कशासाठी वापरायची हा प्रश्न आहे. माझा प्रस्ताव : मागच्या मोकळ्या भूखंडावरचं गवत कापून घेणं, उकिरडा उचलायला महापालिकेकडे लेखी तक्रार, आणि वसाहतीतल्या भटक्या कुत्र्यांना लस व गोचिडीचं औषध. वानरांच्या नुकसानीचा अर्ज वेगळा, हिंगणा रोड यांच्याकडचा मजकूर वापरून. डॉक्टरसाहेब, खपली कुठे शोधायची हा तुमचा परिच्छेद छापून फलकावर लावला तर चालेल का?

मेडिसिन ओपीडी
जरूर लावा. सोबत एवढं वाढवा : ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर घरी थांबू नका. आणि घरकामाला, बागकामाला येणाऱ्या बायांना तो वाचून दाखवा, गवतात सर्वांत जास्त त्याच असतात.